दरोग्याची पडलेली शेपटी

न्हाई हो, भांडून न्हाई आलो मी! तुम्ही समदे रोज संध्याकाळी ह्या बाकड्यावर बसून माझ्याकडं बघता, आन मनात म्हणता, दयानंदचे हे दाजी मुखेडहून आले त्याला सहा दिवस झाले, लातूर काही सोडंनात, दोनच शर्ट हायत, आलटून पालटून घालून राहिलेत, म्हंजे घरी नक्की बिनसलं... बायकोनं हाकललं असंल, न्हाईतर सुनंनं! तसं काही न्हाई. मी घराबाहेर हाय तो एका शेपटीमुळं. हाव, शेपटीमुळं! कुत्र्याच्या! हसा, हसा तुम्ही... पण आधी समदं ऐका, आन मग तुम्हीच सांगा, मी काय कुणाचं घोडं मारलं होतं?

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली मी. मुखेड-देगलूर, मुखेड-नांदेड, मुखेड-उदगीर... एक दोरी ओढली की अख्खी गाडी हलायची! आन रिटायर होऊन घरी बसलो तर घरातलं एक माणूस हलंना. खरं सांगून राहिलो. मी बाहेरून येतो, चपला काढतो, जरा खाकरतो... तारामती, म्हंजे आमची मंडळी, तिची नजर टीव्हीवर. सत्यम, पोरगं माझं, मोबाईलचं दुकान हाय त्याचं, त्याची नजर मोबाईलवर. सुकन्या, सून, लई गुणाची, पण ती बी मान वर न करता म्हणती, "मामा, दार लावा, मच्छर येतेत." दार लावा! सासरा आला ह्याचं काही न्हाई, मच्छर येतेत ह्याचं हाय!

फक्त एक जण होता. दरोगा. पश्मी कुत्रं, तुमच्या लातूरकडचंच. उंच, कंबर बारीक, आन कानाला, शेपटीला ही अशी लांब केसांची झालर. पिल्लू होतं तेव्हा आणलं मी, तर पहिल्याच दिवशी ते एवढंसं जनावर घरातल्या एकेकाकडं असं रोखून बघून राहिलं, की आता समद्यांचा जबाब घेतंय! म्हणून दरोगा. तर मी गल्लीच्या तोंडाला वळलो की ह्याला कळायचं. दारात येऊन उभा, आन शेपटी अशी काय फिरवायचा... नुसती शेपटी न्हाई हो, कंबरेपासून मागचं समदं कुत्रं हलायचं! टिपॉयवरचा पाण्याचा तांब्या पडायचा. तारामती ओरडायची. मी म्हणायचो, ओरडू नको, तांब्या भरता येतो, पण मला बघून ह्या घरात दुसरं कुणी एवढं हललंय का कधी? फडकं आणायला आत जायची.

तर आली येळवस, म्हंजे वेळा अमावस्या. तुम्हाला येळवस काय सांगायची? त्या दिवशी तुमचं अख्खं लातूर शेतात असतं. कडब्याची खोपटावाणी कोप, पांडवांची पूजा, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, आन ज्याला शेत न्हाई त्याला धरून धरून जेवायला न्यायचं. आमचं बी शेत हाय, गावापासून तीन किलोमीटर, पाझर तलावाला लागून. दरवर्षी समदी मांडामांड मीच करतो. पण यंदा आठ दिवस आधीपासून तारामती माझ्याशी गोड बोलायला लागली... तिथंच मला कळायला पाहिजे होतं! "आवं, यंदा माझे गुडघे लई दुखतेत, आपल्या शेतात काही करायचं न्हाई. दयानंद किती वर्षं बोलवून राहिलाय, त्याला वाईट वाटतंय. तुम्ही जा लातूरला, दोन रात्री राहा. मी आपली घरी भाकरी खाते." सत्यम म्हणतो, "दादा, मला दुकान हाय." सुकन्या म्हणती, "मामा, वाटेत खायला धपाटे देते." आन मी... येडा मी... माझे डोळे भरून आले हो! म्हणलं बघा, भावाचं मन राखायला बिचारी सण सोडून घरी बसली. आलो लातूरला. दयानंदच्या शेतात आंबील प्यायलो, बोरीखाली आडवा झालो, आन झोपेत बी हिच्या गुडघ्यांची काळजी करून राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं मुखेड. गल्लीच्या तोंडाला वळलो, दारात कुणी न्हाई. म्हणलं झोपला असंल. आत गेलो, तर दरोगा कोपऱ्यात उभा. मान वर केली, माझ्याकडं बघितलं... आन शेपटी? मुळापाशी चार बोटं तेवढी आडवी, ताठ, आन तिथून पुढं जी खाली गेली ती गेलीच. ओल्या टॉवेलासारखी लोंबून राहिली! म्हणलं, "दरोग्या! मी आलो की रे!" हलंना. पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात पसरले. हलंना! दोन पावलं आला, वळून स्वतःच्याच शेपटीकडं बघितलं, कुईं केलं, आन परत कोपऱ्यात. बसायला बी धड तयार न्हाई, टेकतोय, उठतोय, एका अंगावर कलतोय. मागं टीव्ही चालू. सुकन्या म्हणती, "मामा, दार लावा."

दोन रात्री बाहेर राहिलो, तर एवढा राग? मी त्याच्यापुढं मांडी घालून बसलो आन माफी मागितली, तुम्हाला खोटं न्हाई सांगत. म्हणलं, चुकलं बाबा, तुला न्यायला पाहिजे होतं, पण एसटीत कुत्रं घेत न्हाईत, आन तो नियम मीच एकतीस वर्षं पाळला, कोंबडी घेऊन चढलेल्या बाईला उतरवलं मी, आता कोणत्या तोंडानं तुला घेऊन चढू? दुधात भाकरी कुस्करून ठेवली. ती खाल्ली! समदी खाल्ली, ताटली चाटली... शेपटी मात्र जागच्या जागी. म्हंजे माझी भाकरी चालती, मी चालत न्हाई! एकतीस वर्षांत तिकिटावरून भांडलेल्या माणसानं बी माझ्याकडं इतकं परक्यावाणी बघितलं न्हाई हो. मी काय कुणाचं घोडं मारलं होतं?

मग डोकं चाललं. म्हणलं हे कुत्रं आपणहून असं करणार न्हाई, ह्याला कुणीतरी फितवलंय. आन फितवणार कोण? शेजारी पाशामियाँ! गाद्या-रजयाचं दुकान त्यांचं, भिंतीला भिंत, तीस वर्षांचा शेजार. मी नसलो की दरोगा त्यांच्या ओट्यावर, कापसाच्या ढिगाला टेकून. गेलो तसाच. पाशामियाँ दाभण हातात घेऊन गादी टाचून राहिलेले. म्हणलं, "पाशामियाँ, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुम्ही माझं कुत्रं फितवलं!" त्यांनी चष्मा वर केला. "क्या? शेषेराव, तब्येत बरी हाय ना? तुमचं कुत्रं फितवून मी काय करू? आमची बेगम शकिला मला रोज ओरडती, रजईत कुत्र्याचे केस निघून राहिलेत!" म्हणलं, "मग मला बघून त्याची शेपटी कामून हलंना?" ते म्हणले, "ते मी कसं सांगू? शेपटी तुमच्या कुत्र्याची, विचारता मला!" आवाज चढला त्यांचा. माझा बी चढला. तीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडं पाठ करून दारं लावली.

सकाळी उठून बघतो तर शेपटी तशीच, आन घरात मात्र दवाखाना उघडलेला! तारामतीनं मीठ-मोहरी उतरून टाकली. मग म्हणली तेल लावू. हळद घालून कढत तेल शेपटीच्या मुळाला चोळायला गेली, तर जे जनावर आजवर घरात कुणावर गुरगुरलं न्हाई त्यानं दात दाखवले. सुकन्या म्हणती, "मामा, आत्याबाईंची गुडघ्याची गोळी अर्धी देऊ का?" तेवढ्यात आला गुरुपादप्पा. देगलूरकडचा, बैलांना डाग देतो, लंगडणारा बैल असो का खांदा सुजलेला, औषध एकच. शेपटीकडं बघून म्हणतो, "एनिल्लरी!" म्हंजे काही न्हाई. "काही न्हाई हो शेषेराव, वारं शिरलंय शेपटीत. विळा लाल करा. मुळापाशी एक डाग, उद्या सकाळी घड्याळाच्या लंबकावाणी हलती बघा!"

आन मी हो म्हणलं. तुमच्यापुढं लपवू कशाला? रागात होतो. मनात म्हणलं, दे डाग, मला बी चटका दिलाच की यानं. शेगडी पेटवली, विळा ठेवला, विळा तापून राहिला, गुरुपादप्पा फुंकर घालून राहिला... आन तो दरोगा, त्याला काय कळतंय, तो हळूहळू आला, माझ्या पायापाशी उभा राहिला, आन माझ्याच पावलावर त्यानं हनुवटी टेकवली. सांगतो तुम्हाला, थांबवावंसं वाटलं मला. पण बोलू कसं? दहा माणसं जमलेली. तेवढ्यात अंगणाच्या भिंतीपलीकडून पाशामियाँची टोपी दिसली. "नक्को! शेषेराव, खुदा के वास्ते नक्को! माझ्याशी जन्मभर बोलू नका, पण मुक्या जीवाला जाळू नका!" असं म्हणून साठ वर्षांचा माणूस लुंगी सावरत दारातून आत आला, आन पाण्याची बादली शेगडीवर ओतली. नुसता धूर! म्हणले, "माझी भाची उदगीरला जनावरांची डॉक्टर हाय, मुबश्शिरा. टेम्पो काढतो. चला." दुकानातून सत्यमला बोलवलं, कुत्रं धरायला, आन निघालो कापसाच्या टेम्पोतून.

डॉक्टरीण म्हंजे एवढीशी पोरगी, डोक्यावर ओढणी, वर पांढरा कोट. मी मनात म्हणलं ही काय करणार? पण तिनं दोन बोटं शेपटीच्या मुळाशी अशी अलगद ठेवली, की दरोग्यानं नुसतं तिच्याकडं बघितलं. म्हणली, "हे बघा काका, मुळापाशी केस उभे राहिलेत, सूज हाय. चार बोटं ताठ आन पुढं लोंबकळ. हाड शाबूत हाय. मागचे पाय नीट टाकतोय. शी-शू नीट करतो ना?" म्हणलं, "हाव." "मग घाबरू नका. शेपटीच्या मुळाचे स्नायू दुखावलेत. पळणाऱ्या, पोहणाऱ्या कुत्र्यांना होतं हे. सवय नसताना एकदम लई पोहलं, गार पाण्यात भिजलं, न्हाईतर अडचणीत कोंबून नेलं, की दुसऱ्या दिवशी शेपटी पडती. पाण्यात ती शेपटीनंच वळतेत ना! परवा पोहला का हा?"

मी म्हणलं, "छे! ह्याला कोण पोहायला नेणार? मी लातूरला, बायकोचे गुडघे धरलेले, पोरगं दुकानात." आन सहज सत्यमकडं बघितलं. तो वर पंख्याकडं बघून राहिलेला. पंखा बंद होता! म्हणलं, "सत्यम?" म्हणतो, "दादा... थोडंसं." "थोडंसं म्हंजे?" "अडीच तास."

अडीच तास! मग काढला मोबाईल, रील केलेलं, लाजत लाजत दाखवलं. बघतो तर काय... आमचंच शेत! आमचीच कोप! येळवस मांडलेली, पांडवांपुढं दिवा, भज्जीचं पातेलं एवढं मोठं! आन तारामती, गुडघे दुखणारी तारामती, पदर खोचून तलावाच्या पाण्यात उभी, माझी चप्पल, माझी हो, लांब पाण्यात फेकून राहिली, "आण रे दरोग्या, आण!" आन हसून राहिली... असं हसताना तिला मी लग्नाच्या फोटोत बी बघितलं न्हाई. दरोगा उडी टाकतो, चप्पल आणतो, शेपटी फिरवतो. परत चप्पल, परत उडी, परत शेपटी! शेवटी ओला गार तसाच टेम्पोत भांड्याकुंड्यांच्या मधी दाबून बसवलेला. आन टेम्पो कुणाचा? नीट बघितलं, तर मागं चटईवर एक ओळखीची टोपी, भज्जीत भाकरी मोडून राहिलेली. पाशामियाँ! मी वळून बघितलं. ते खाली बघून म्हणले, "येळवसेचं आवतन होतं, शेषेराव... भाभीनं बोलवलं... न्हाई कसं म्हणू?" आन त्यांच्या बाजूला आंबिलीचा पेला तोंडाला लावलेला कोण? गुरुपादप्पा! सकाळी ज्याला शेपटीत वारं शिरलेलं दिसलं, त्याला परवाच्या दिवशी अडीच तास पाणी शिरताना दिसलं न्हाई!

अख्खी गल्ली होती हो. मी सोडून. म्हणलं, "सत्यम, खरं सांग, मी काय कुणाचं घोडं मारलं होतं?" त्यानं मोबाईल खिशात घातला. मग म्हणतो, "दादा, तुम्ही येळवसेला शिट्टी आणता." म्हणलं, "मग?" "पंगतीला शिट्टी मारता. पुढं सरका, पुढं सरका म्हणता. मागल्या वर्षी आईच्या मावशीला आंबील पिता पिता उठवलं तुम्ही, दुसरी खेप बसवायची म्हणून. ह्या वर्षी आई म्हणली, एक वर्ष निवांत जेवू." आता तुम्हीच सांगा, साठ माणूस जेवायला, शिस्त नको का? निवांत म्हणं! मी एवढा उन्हात पळायचो तो कुणासाठी?

डॉक्टरीण तिकडं लिहून राहिली. "आठ दिवस नुसता आराम. पळणं न्हाई, उड्या न्हाई, पाण्यात न्हाई. मऊ अंथरूण, बाहेर न्यायचं ते साखळी धरून आन हळू. ही गोळी जेवण झाल्यावर, त्याच्या वजनाप्रमाणं दिलीय. माणसाची गोळी कधीच द्यायची न्हाई, कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो त्यानं. चोळायचं न्हाई, ओढायचं न्हाई, आन डाग..." असं म्हणून चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. "पुढं पोहवायचं तर रोज थोडं थोडं वाढवा, बाहेर आला की अंग कोरडं करा. दहा दिवसांत फरक पडला न्हाई, न्हाईतर मागचे पाय ओढायला लागला, तर लगेच परत आणा."

समदे बाहेर गेले तेव्हा मी हळूच विचारलं. लाज वाटत होती, पण विचारलं. "डॉक्टरीणबाई, म्हंजे... त्याचा माझ्यावर राग न्हाई ना?" तिनं सत्यमला बोलवलं, म्हणली ह्याच्यापुढं जा. दरोग्यानं बघितलं, बस्स. पाशामियाँना बोलवलं. नाक लावलं, बस्स. म्हणली, "आता काका, तुम्ही या." मी पुढं गेलो, म्हणलं, "दरोग्या..." आन तुम्हाला सांगतो, कान मागं गेले, कंबर हलली, ती मुळापाशीची चार बोटं थरथरत वर यायला लागली, आन कुईं! केवढ्यानं ओरडला! तरी परत थरथरली. परत ओरडला. डॉक्टरीण म्हणली, "बघितलं? तुम्हाला बघितलं की हलवायला जातोय, आन दुखतंय त्याला. काल बी तेच केलं असंल त्यानं." मी तिथंच, त्या औषधाच्या वासात, रडलो हो. उघड रडलो. चोवीस तास मी त्याच्यावर रुसून बसलो होतो, आन तो चोवीस तास माझ्यासाठी कळ सोसून राहिलेला!

पण थांबा, गोष्ट संपली न्हाई. डॉक्टरीण म्हणती, "अडचण तीच हाय काका. शेपटीला आराम पाहिजे. ज्याला बघून ती हलती, ते माणूस समोर नको. घरात कोण कोण असतं?" म्हणलं, "मी, बायको, पोरगा, सून." तिनं परत बाहेर जाऊन बसलेल्या सत्यमकडं बघितलं, विचार केला, म्हणली, "बाकीचे राहू देत. त्यांना काही चप्पल फेकू देऊ नका म्हंजे झालं. तुम्ही तेवढं आठ-दहा दिवस कुठं जाऊ शकता का?"

टेम्पो मुखेडात पोचायच्या आत घरी बातमी पोचली होती. पिशवी दारात भरून तयार! तारामतीनं दयानंदला फोन केलेला. आम्हाला दारात उतरवून पाशामियाँनी लगेच स्टँडवर जाऊन खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली. एवढी चपळाई ह्या माणसांनी माझ्यासाठी जन्मात केली न्हाई. दरोग्याला दिसू नये म्हणून मी मागल्या दारानं निघालो... माझ्याच घरातून, पिशवी छातीशी धरून!

काल फोन केला. सुकन्या म्हणती, "मामा, दोन बोटं वर आलीय शेपटी, बसतो बी नीट." म्हणलं, "जरा त्याच्या कानाला लाव की फोन." म्हणती, "नको मामा, तुमचा आवाज ऐकला की हलवंल तो." म्हणलं, "बोलत न्हाई बाई मी. शब्द बोलत न्हाई. नुसता लाव." लावला तिनं. मी गपगार. तिकडून त्याचा श्वास ऐकू येऊन राहिला, धाप धाप धाप... मी डोळे मिटून ऐकून राहिलो. आन एकदम कुईं! लगेच सुकन्या ओरडली, "मामा, श्वास घेऊ नका हो! ओळखलं त्यानं, हलवून राहिलाय!"

श्वास घेऊ नका! बोला आता!

मग फोन तारामतीकडं गेला. म्हणलं, "अगं, परवा येऊ का?" म्हणती, "डॉक्टरीण हो म्हणली की या." म्हणलं, "ते दरोग्याचं झालं. तुझं काय?" मागं टीव्हीचा आवाज, ती बघत बघतच म्हणली, "माझं काय? तुम्ही आलात काय, न आलात काय, माझं काही दुखत न्हाई."

मी फोन खिशात ठेवला, आत गेलो, आन दयानंदच्या बायकोला म्हणलं, बाई, उद्याची बी माझी भाकरी टाक.